एकमेव साक्षीदार

६ डिसेंबर १९४१च्या रात्री ग्रीसच्या केफालोनिया बेटाजवळ ‘पर्सियस’ ही ब्रिटिश पाणबुडी इटालियन सुरुंगाच्या स्फोटाने बुडाली. तिच्यावरील ६१ माणसांपैकी वाचला तो एकटा जॉन केप्स. हा लीडिंग स्टोकर त्या पाणबुडीच्या खलाशांपैकी नव्हताच. माल्टाहून अलेक्झांड्रियाला निघालेला तो एक प्रवासी होता.

त्याचे निवेदन असे : टॉर्पेडोच्या एका रिकाम्या नळीचाच त्याने बिछाना केला होता. स्फोटानंतर अंधारात त्याने तीन जखमी सोबत्यांना शोधले, त्यांना श्वसनाची उपकरणे चढवली, जवळच्या बाटलीतून रमचा घोट घेतला, कक्षात पाणी भरू दिले, सोबत्यांना सुटकेच्या दारातून पुढे लोटले आणि मग स्वतः बाहेर पडला. पृष्ठभागावर तो एकटाच पोहोचला. पोहत केफालोनिया गाठल्यावर तेथील लोकांनी प्राण पणाला लावून त्याला दीड वर्ष लपवले. १९४३मध्ये एका होडीने तो तुर्कस्तानात निसटला.

त्याला पदक मिळाले. पण संशय फिटला नाही. खलाशांच्या यादीत त्याचे नाव नव्हते. सुटकेची दारे बाहेरून पक्की करण्याचे आदेश होते. शिवाय केप्स गोष्टी रंगवून सांगणारा! १९८५मध्ये तो वारला, तेव्हाही शंका शिल्लकच होती.

१९९७मध्ये कोस्तास थोक्टारिडिस या ग्रीक पाणबुड्याने सुमारे ५२ मीटर खोलीवर ‘पर्सियस’चे अवशेष शोधले. सुटकेचे दार उघडे होते. आत तो नळीचा बिछाना होता आणि ती बाटलीही.

साहित्याच्या अभ्यासकांनी येथे क्षणभर थांबावे. आपण निवेदकावर विश्वास ठेवतो तो कशाच्या बळावर? केप्सच्या कथेतील रमची बाटली ही एखाद्याला कथनाची सजावट वाटली असती. तीच अखेर पुरावा ठरली. खोलीमापक २७० फूट दाखवीत होता, असे तो सांगे. खरी खोली सुमारे १७० फूट. म्हणजे चूक उपकरणाची, साक्षीदाराची नव्हे.

मात्र अवशेषांनी सारेच सिद्ध केले असेही नाही. त्या तिघांचे शेवटचे क्षण, अंधारातील ते पोहणे, यांना आजही केप्सच्या शब्दांखेरीज आधार नाही. परंतु जे तपासता आले ते खरे निघाले. म्हणून उरलेल्यावर विश्वास ठेवावा लागतो. रंगवून सांगणारा माणूस खोटेच सांगतो, हे आपले गृहीतक त्या बाटलीने कायमचे डळमळीत केले आहे.