फाइल कोणाची? एका साफसफाईचा इतिहास

पाठ्यपुस्तकाची नवी आवृत्ती आली की शिक्षकापुढे एक पेच पडतो. जुन्या प्रतीच्या समासात त्याने पेन्सिलीने नोंदी केलेल्या असतात: या उदाहरणाचे उत्तर चुकले आहे, तो प्रयोग पावसाळ्यात जमत नाही. नवी प्रत कोरी असते. जुनी टाकावी तर नोंदी जातात, ठेवावी तर सुधारलेला मजकूर मिळत नाही. संगणकावरील सॉफ्टवेअर नवे करताना हाच पेच पडतो. तो सोडवणारा एक नियम १९९०च्या दशकात बसवला गेला. त्या नियमाची, आणि पुढे त्याच नियमाच्या आश्रयाने साचलेल्या पसाऱ्याची ही हकीकत आहे.

ऑगस्ट १९९३ मध्ये अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाचा विद्यार्थी इयन मर्डॉक याने डेबियन या लिनक्स प्रणालीची घोषणा केली. लिनक्ससाठीचे प्रोग्रॅम जगभर विखुरलेली माणसे लिहीत असत. ते एकमेकांशी जुळवून बसवणे हे किचकट काम होते. म्हणून प्रत्येक प्रोग्रॅमचे एक गाठोडे बांधायचे ठरले. त्यात फाइली, त्या कुठे ठेवायच्या याची यादी आणि कोणत्या इतर गाठोड्यांवाचून अडते याची नोंद असे. या गाठोड्याला म्हणतात पॅकेज, आणि ती बसवणारा, काढणारा व त्यांचा हिशेब ठेवणारा तो पॅकेज मॅनेजर. डेबियनच्या पॅकेज मॅनेजरचे नाव डीपीकेजी. त्याचा मुख्य भाग इयन जॅक्सन याने १९९४ मध्ये सी भाषेत नव्याने लिहिला.

डीपीकेजीच्या दृष्टीने बहुतेक फाइली पॅकेज बनवणाऱ्याच्या असतात. त्या न विचारता बदलता येतात. परंतु 'ईटीसी' या कप्प्यातील मांडणीच्या फाइली वापरणाऱ्याने हाताने बदललेल्या असू शकतात. मग ओळखायचे कसे? डीपीकेजी अशी फाइल बसवताना मूळ मजकुरावरून गणिताने काढलेला ३२ अंकाक्षरांचा एक ठसा (एमडी५) टिपून ठेवते. नवी आवृत्ती आली की तीन ठसे ताडून पाहायचे: जुन्या मुळाचा, सध्या डिस्कवर असलेल्या फाइलीचा आणि नव्या मुळाचा. वाचकांनी फळ्यावर दोन बाय दोनचा तक्ता काढून पाहावा. आपण बदल केला नसेल आणि बनवणाऱ्याने केला असेल, तर गुपचूप नवी फाइल बसते. बदल फक्त आपण केला असेल, तर आपली फाइल राहते. दोघांनीही केला नसेल, तर प्रश्नच नाही. दोघांनीही केला असेल तेव्हाच यंत्र थांबून विचारते: तुमची ठेवू की नवी बसवू? उत्तर न देता नुसते एंटर दाबले तर तुमची राहते. नाकारलेली नवी फाइल शेवटी '.डीपीकेजी-डिस्ट' असे शेपूट लावून, आणि हटवलेली जुनी '.डीपीकेजी-ओल्ड' या शेपटाने शेजारीच ठेवली जाते. रेड हॅटच्या आरपीएमने (१९९५) प्रश्न विचारणे टाळले आणि केवळ '.आरपीएमन्यू' किंवा '.आरपीएमसेव्ह' अशा प्रती मागे ठेवल्या. शेकडो संगणकांवर एकदम काम करायचे तर ते सोयीचे. पण आम्हाला थांबून विचारणारे यंत्रच जास्त भले वाटते.

पॅकेज काढून टाकले तरी मांडणीच्या फाइली मागे राहतात. यादीत अशा पॅकेजापुढे 'आरसी' ही दोन अक्षरे दिसतात: पॅकेज काढले, मांडणी शिल्लक. पूर्ण पुसण्याची आज्ञा वेगळी आहे, आणि तिथेच आम्ही एकदा ठेच खाल्ली. प्रणाली नवी केल्यावर 'आरसी'च्या सगळ्या ओळी आम्ही एका दमात पुसल्या. मध्ये एक प्रश्न आला तेव्हा सवयीने एंटर दाबले. या वेळी एंटरचा अर्थ 'होय' होता. ते पॅकेज डेटाबेसच्या जुन्या आवृत्तीचे होते आणि तापमानाच्या नोंदी अजून नव्या आवृत्तीत हलवायच्या राहिल्या होत्या. वह्यांवरून त्या पुन्हा भरायला दीड महिना लागला.

डेबियन २.१ (मार्च १९९९) पासून नेटवर्कवरून पॅकेजे आणणारे ॲप्ट आले. आता कुठून आणायचे याची यादी हीसुद्धा वापरणाऱ्याची फाइल झाली. २००७ च्या डेबियन ४.० पासून ॲप्ट पॅकेज-यादीवरची डिजिटल सही तपासू लागले. त्यासाठी लागणाऱ्या किल्ल्या मात्र एकाच जुडग्यात ठेवल्या जात. एखाद्या बाहेरच्या प्रोग्रॅमसाठी जोडलेली किल्ली त्यामुळे प्रणालीतल्या कोणत्याही पॅकेजाची हमी देऊ शके! कोणती किल्ली कोणत्या स्रोताची हे बांधून देण्याची सोय २०१५ च्या ॲप्टमध्ये आली आणि जुडगे सांभाळणारी 'ॲप्ट-की' ही आज्ञा २०२० मध्ये कालबाह्य ठरवली गेली. परंतु जुडग्यातल्या त्या किल्ल्या कोणी घातल्या होत्या? वापरणाऱ्याने. म्हणजे फाइल त्याची, आणि नियमाप्रमाणे ती परस्पर साफ करता येत नाही. पेन्सिलीच्या नोंदी जपणाऱ्या नियमानेच गंजलेल्या किल्ल्याही जपल्या.

ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ॲप्ट ३.० आहे. त्यात 'ॲप्ट-की' उरलेली नाही. स्रोतांची जुनी यादी नव्या पद्धतीने लिहून देणारी एक आज्ञा तेवढी आहे. ती आधी विचारते, मग बदलते, आणि जुनी फाइल '.बॅक' शेपूट लावून ठेवते. किल्ल्यांचे जुडगे आम्ही हातानेच तपासले. त्यात एका मोजमाप-उपकरणाच्या सॉफ्टवेअरसाठी कधीतरी जोडलेली किल्ली निघाली. उपकरण केव्हाच भंगारात गेले होते. किल्ली मात्र इतकी वर्षे साऱ्या पॅकेजांची हमीदार म्हणून बसून होती.