खबर देणाऱ्याचा हिशेब

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात माझी बदली उत्तरेतील एका शहरात झाली होती. तेथे आमच्या कार्यालयाच्या भांडारातून तांब्याच्या तारेची काही भेंडोळी चोरीस गेली. चौकशीच्या ओघात जवळच्या बाजारातील एका कबाड्याशी (आपण ज्याला भंगारवाला म्हणतो त्याच्याशी) बोलण्याचा प्रसंग आला. माल आधी त्याच्याकडेच विकायला आला होता. त्याने तो घेतला नाही, विकणाऱ्याला हाकलून दिले. पण कोणाला सांगितलेही नाही. का, असे मी विचारले. तो म्हणाला, "साहेब, मागे एकदा सांगितले होते. दिवसभर ठाण्यात बसलो, घेतलेला माल गेला, दिलेले पैसे गेले आणि दोन वर्षे तारखांना मीच जात राहिलो."

मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी. त्याच्या उत्तरात मला बेइमानी दिसली नाही, सरळ हिशेब दिसला. हा हिशेब फार जुना आहे आणि त्याकडे दुर्लक्ष केल्यास काय घडते, हे अठराव्या शतकातील लंडनच्या इतिहासात स्पष्ट दिसते.

त्या काळी लंडनमध्ये आजच्या अर्थाने पोलीस नव्हते. ज्याची चोरी झाली त्यानेच चोर शोधावा आणि त्यानेच स्वखर्चाने खटला चालवावा, अशी रीत होती. सरकारचा भर बक्षिसावर होता. वाटमारी करणाऱ्यास पकडून त्याच्यावर गुन्हा शाबीत करणाऱ्याला चाळीस पौंड मिळत. या पोकळीत जोनाथन वाइल्ड नावाच्या गृहस्थाने आपले दुकान थाटले. वस्तू हरवलेल्याने त्याच्याकडे जावे, वर्णन द्यावे, आणि काही दिवसांनी योग्य 'मोबदला' देऊन वस्तू परत न्यावी. वस्तू सापडत, कारण त्या चोरणाऱ्या टोळ्यांशी त्याचेच संधान होते. जे चोर त्याचे ऐकत नसत, त्यांची खबर तो सरकारला देई आणि बक्षीस घेई. स्वतःला तो 'चोर पकडणाऱ्यांचा सरसेनापती' म्हणवीत असे, आणि साठाहून अधिक गुन्हेगारांना आपण शिक्षेपर्यंत पोहोचवले, असा त्याचा दावा होता. कुंपणानेच शेत खाल्ले, पण शेताच्या मालकाला कुंपण फार मजबूत वाटत होते!

1718 साली संसदेने कायदा केला. चोरीचा माल घेणाऱ्यास चौदा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा देता येऊ लागली आणि चोराला न्यायालयापुढे न आणता, माल परत मिळवून देण्यासाठी पैसे घेणे हाही मोठा गुन्हा ठरला. लोक याला वाइल्डचाच कायदा म्हणत. तरीही त्याचा धंदा पुढे सुमारे सात वर्षे चालला. अखेरीस होबर्नमधील एका दुकानदार बाईची चोरीस गेलेली लेस परत मिळवून देण्यासाठी त्याने दहा गिनी घेतल्या, त्याही तुरुंगात असताना, आणि त्याच आरोपाखाली 24 मे 1725 रोजी त्याला फाशी झाली. तीन वर्षांनी जॉन गे यांनी 'द बेगर्स ऑपेरा' रंगभूमीवर आणले. त्यातील चोरीचा माल घेणारा आणि चोरांनाच पकडून देणारा पीचम हा वाइल्डवर बेतलेला. त्या नाटकावरून 1928 साली ब्रेख्त यांचे नाटक झाले, आणि त्यावरून पु. ल. देशपांडे यांचे 'तीन पैशाचा तमाशा' 1978 साली आपल्यापर्यंत पोहोचले.

कायदा असूनही वाइल्ड इतकी वर्षे का टिकला? माझ्या मते याचे कारण शिक्षेच्या कमतरतेत नव्हते. ज्याची चोरी झाली त्याला वस्तू हवी होती आणि दुकानदाराला निर्धास्तपणा हवा होता. सरकारकडे दोघांसाठीही काही नव्हते. खबर हीच विकाऊ वस्तू झाली आणि तिचा मक्ता वाइल्डने घेतला.

मार्ग दाखवला तो बो स्ट्रीटच्या दोन दंडाधिकाऱ्यांनी. कादंबरीकार हेन्री फील्डिंग आणि त्यांचे अंध बंधू जॉन यांनी लोकांना सांगितले की चोरी होताच वस्तूचे वर्णन आमच्याकडे आणून द्या. ती वर्णने वर्तमानपत्रात छापली जात, आणि गहाण ठेवणाऱ्या दुकानदारांनी ती वाचावीत असा जॉन यांचा आग्रह असे. दुकानदाराला आता संशयाचा आधार मिळाला आणि खबर कोठे द्यायची तेही कळले. शतकाच्या अखेरीस दंडाधिकारी पॅट्रिक कोल्हून यांनी चोरीचा माल घेणारा हेच चोरीचे मूळ असे प्रतिपादन करून जुन्या मालाच्या व्यापाऱ्यांना परवाने असावेत, अशी मागणी केली.

आता आपल्याकडे. 1860 च्या भारतीय दंड संहितेत चोरीचा माल घेणाऱ्याला चोराइतकीच, म्हणजे तीन वर्षांपर्यंत शिक्षा होती. असा व्यवहार नित्य करणाऱ्यास जन्मठेपेपर्यंत. 1 जुलै 2024 पासून हे सारे भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 मध्ये आले आहे. रेल्वेच्या मालासाठीचा 1966 चा कायदा तर संशयास्पद माल बाळगणाऱ्यावरच, तो रीतसर मिळवला हे सिद्ध करण्याची जबाबदारी टाकतो. शिक्षेत आपण कमी पडलेलो नाही. मात्र 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 39 ने ज्या गुन्ह्यांची खबर देणे नागरिकावर बंधनकारक केले होते, त्या यादीत चोरीचा माल घेण्याचा गुन्हा नव्हता. माझ्या कबाड्याचे मौन कायद्याने गुन्हा नव्हते. आणि 1930 च्या माल विक्री कायद्यानुसार चोराकडून माल घेणाऱ्याला सामान्यतः मालकी मिळत नाही; प्रामाणिकपणे घेतला तरी नुकसान त्याचेच.

म्हणून सुधारणा पाहायची ती दुसऱ्या टोकाला. 2002 साली सर्वोच्च न्यायालयाने गुजरातेतील एका प्रकरणात सांगितले की जप्त माल ठाण्यात पंधरा दिवस ते महिन्याहून अधिक काळ पडून राहू नये. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने तर मालाची नोंद आणि छायाचित्रे घेऊन त्याची विल्हेवाट लावण्यास दिवसांची मुदत घालून दिली आहे. ही मुदत पाळली गेली, तर मालकाला माल लवकर मिळेल आणि दुकानदाराच्या फेऱ्याही कमी होतील. त्यासोबत खबर देणाऱ्याला लेखी पोच मिळावी, आणि स्वतःहून आलेल्याला संशयिताच्या बाकावर बसवू नये. एवढ्यासाठी नवा कायदा लागत नाही. ठाण्यातील एका खुर्चीची जागा बदलली तरी पुरे.

चोर सोडून संन्याशाला सुळी देणारी व्यवस्था पुढच्या वेळी संन्याशाला गप्प बसवते. आमची तांब्याची तार शेवटपर्यंत सापडली नाही. ती कोणाकडे गेली असेल, याचा अंदाज त्या कबाड्याला असावा, असे मला आजही वाटते.