काळ्या कातळाखाली

मानपाड्याहून पश्चिमेस पाहिले असता येऊरचे जे डोंगर दृष्टीस पडतात, ते ज्या काळ्या कातळाचे आहेत, त्याच कातळावर महाराष्ट्राचा बहुतेक प्रदेश वसलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर पसरून हा कातळ तयार झाला. आमचे गड त्याच्यावर उभे राहिले आणि आमची लेणी त्याच्यात कोरली गेली. त्यामुळे तो अढळ आहे, ही समजूत आमच्या मनात सहजच दृढ झाली. परंतु त्याची जाडी किती व त्याच्याखाली काय आहे, असे कोणी विचारले असते, तर शंभर वर्षांपूर्वी त्याचे उत्तर मिळणे कठीण होते. या अंधारात वाट दाखविली ती भूकंपाच्या लहरींनीच, ही गोष्ट खरोखर विचार करण्याजोगी आहे.

या विद्येचा एक आरंभ हिंदुस्थानातच झाला. १२ जून १८९७ रोजी आसामात प्रचंड भूकंप झाला. येथील भूगर्भ खात्यातील ओल्डहॅम यांनी, दूर युरोपातील यंत्रांवर उमटलेल्या त्याच्या रेषा तपासून, लहरी निरनिराळ्या जातींच्या असून निरनिराळ्या वेगांनी येतात हे ओळखले. १९०६ साली त्यांनी अशाच लहरींवरून पृथ्वीला निराळा गाभा आहे असे दाखविले. याच सुमारास मुंबईस कुलाब्याच्या वेधशाळेतही मिल्न यांचे भूकंपमापक यंत्र बसविण्यात आले होते. नानाभाई मूस हे तेव्हा तिचे पहिले हिंदी संचालक होते.

भूकवचाचा तळ मात्र सापडला तो १९०९ च्या क्रोएशियातील भूकंपावरून. मोहोरोविचिच यांना असे आढळले की, काही अंतरापलीकडच्या ठाण्यांवर लहर अपेक्षेपूर्वीच पोहोचते. त्याचा उलगडा सोपा आहे. गावातली अरुंद वाट सोडून थोड्या आडवळणाने हमरस्ता गाठणारा प्रवासी लांबच्या मुक्कामी आधी पोहोचतो. तद्वत कवचातून सेकंदास सहा-सात किलोमीटर चालणारी लहर खालच्या दाट खडकात उतरली की आठ किलोमीटर चालते व पुन्हा वर येते. तेव्हा वेळेचा हिशेब केला की खोली कळते.

आमच्या कातळाची परीक्षा ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे झाली. दक्षिणेचे पठार भूकंपाच्या दृष्टीने जवळजवळ निर्धोक, असे तोवर शास्त्रज्ञही मानीत. कोयनेचे धरण १९६२ पासून भरू लागल्यावर तेथे धक्के जाणवू लागले होते. त्या पहाटेच्या ६.३ प्रतीच्या भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त केले व सुमारे १८० माणसे दगावली. पुढे १९७० साली देशाचा भूकंपनकाशा सुधारला गेला आणि त्यातील ‘शून्य’ हा वर्गच काढून टाकण्यात आला.

त्यानंतर मात्र भूकंपाची वाट पाहत बसणे शक्य नव्हते. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने त्याच दशकात कोकण किनाऱ्यापासून घाटमाथ्यापलीकडे लांब रेषा आखल्या, भोकांत दारू ठासून सुरुंग उडविले आणि परतणाऱ्या लहरी यंत्रांनी टिपल्या. त्यावरून कवचाचा तळ सुमारे ३५ ते ४० किलोमीटर खोल असल्याचे अनुमान निघाले. अनुमानास प्रत्यक्षाची जोड मिळाली ती वेधनाने. कोयनेजवळ रासाटी येथे ९३३ मीटरवर काळा कातळ संपून ग्रॅनाइट लागला. २०१७ साली तर तीन किलोमीटर खोल छिद्र पुरे झाले. म्हणजे ज्याला आपण सह्याद्रीचा पाया समजतो, तो वास्तविक एका पुरातन जमिनीवरचे पांघरूण आहे. आणि कोयनेचे भूकंप होतात ते मुख्यतः त्या पांघरुणाखालच्या जुन्या खडकातील भेगांत.

हीच युक्ती आता परग्रहावरही उपयोगी पडली आहे. २०१८ साली मंगळावर उतरलेल्या इनसाइट यानाने एकाच यंत्राने तेथील कंप ऐकले, व त्यांवरून त्या ग्रहाच्या कवचाची सरासरी जाडी २४ ते ७२ किलोमीटरांच्या दरम्यान असावी असे ठरले.

तथापि या विद्येची मर्यादाही ध्यानात ठेवली पाहिजे. लहरी खडकाची घडण सांगतात. तो केव्हा हलेल हे सांगत नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंतचतुर्दशीच्या दुसऱ्या पहाटे, किल्लारीस भूकंप झाला व सुमारे आठ हजार माणसे प्राणास मुकली. नकाशात तो मुलूख सर्वांत कमी धोक्याच्या वर्गात होता. तेथे माणसे मेली ती दगडमातीच्या जाड भिंती व धाब्याची जड छपरे अंगावर कोसळून. पायाखालचा कातळ कठीण आहे एवढ्याच भरवशावर निर्धास्त राहणे किती महाग पडते, हे कोयनेने एकदा व किल्लारीने पुन्हा शिकविले. ठाणे-कल्याणकडे आज मजल्यावर मजले चढत आहेत. ते बांधणाऱ्यांनी व त्यांत राहणाऱ्यांनी हा धडा तिसऱ्यांदा शिकण्याची वाट पाहू नये.