हृद्‌स्नायू संरक्षण (प्रौढ हृदयशस्त्रक्रियेतील)

हृदयावर शस्त्रक्रिया चालू असता हृदयभित्तीच्या स्नायूला रक्ताच्या अभावी इजा होऊ नये म्हणून योजिल्या जाणाऱ्या उपायांस हृद्‌स्नायू संरक्षण म्हणतात. जॉन गिबन यांनी फिलाडेल्फिया येथे ६ मे १९५३ रोजी हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. यंत्राने शरीराचा रक्तपुरवठा अबाधित राहू लागला, परंतु हृदयाचा प्रश्न सुटला नाही. हृदय रक्तहीन व निश्चल करण्यासाठी महारोहिणीला चिमटा लावला की, हृद्‌रोहिण्यांतील प्रवाहही थांबतो व स्नायूतील ऊर्जासाठा झपाट्याने घटतो.

पोटॅशियमाच्या आधिक्याने हृदयाचे स्पंदन बंद पडते, हे सिडनी रिंगर यांच्या १८८३ च्या सुमाराच्या प्रयोगांवरून ज्ञात होते. त्याचा उपयोग करून लंडन येथील डेनिस मेलरोझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये पोटॅशियम सायट्रेटाने हृदय थांबविण्याची पद्धत मांडली. तथापि काही वर्षांतच या पद्धतीनंतर हृद्‌स्नायूचा ऊतकनाश आढळून आला व ती मागे पडली. दोष तत्त्वाचा नसून मुख्यतः अतितीव्र विद्रावाचा होता. पण हे स्पष्ट होईपर्यंत सु. दीड दशक लोटले. या काळात हृद्‌रोहिण्यांत नलिकांद्वारे रक्त सोडणे, चिमटा अधूनमधून सैल करणे व हृदयाभोवती थंड लवणजल ओतणे हे उपाय प्रचलित होते. अंतिम उपायाचा पुरस्कार नॉर्मन शमवे यांनी केला. हे उपाय अपुरे असल्याचे डेंटन कूली व सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये वर्णिलेल्या ‘पाषाणहृदया’ने उघड केले : शस्त्रक्रिया निर्दोष होऊनही हृदय आकुंचित स्थितीतच ताठरून राही व रोगी दगावे.

यादरम्यान जर्मनीत ब्रेटश्नायडर यांनी अल्प सोडियम व प्रोकेनयुक्त विद्राव विकसित केला होता. गे व एबर्ट यांनी १९७३ मध्ये सौम्य पोटॅशियम विद्रावाची निर्धोकता प्रयोगाने दाखविली. लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात हर्स, ब्रेमब्रिज प्रभृतींनी पोटॅशियम व मॅग्नेशियमयुक्त शीत विद्राव सिद्ध केला आणि हृद्‌स्तंभन पद्धती सर्वमान्य झाली. कोशिकेबाहेरील पोटॅशियम वाढल्याने कोशिकापटलाचे विद्युत् वर्चस् घटते, सोडियमाचे मार्ग निष्क्रिय होतात व हृदय प्रसरणावस्थेत थांबते. केवळ स्पंदन थांबल्यानेच कार्यरत हृदयाच्या मानाने ऑक्सिजनाची गरज सु. ९०% कमी होते. शीतनाने ती आणखी घटते.

पुढे लॉस अँजेल्स येथील जेरल्ड बकबर्ग व सहकाऱ्यांनी १९७० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात हा विद्राव रक्तात मिसळण्याची पद्धत प्रचारात आणली. रक्तामुळे ऑक्सिजन मिळतो व अम्लतेस आळा बसतो. शिवाय पुन्हा रक्तप्रवाह सुरू होतानाही इजा होऊ शकते, याकडे त्यांनी लक्ष वेधले. प्रौढांमध्ये हृद्‌रोहिण्या अरुंद असल्यास विद्राव सर्वत्र पोहोचत नाही. म्हणून तो हृदयाच्या नीलाकोटरातून उलट दिशेनेही सोडतात. टोराँटो येथे १९९० च्या सुमारास उष्ण रक्ताचा पर्याय पुढे आला. मूलतः बालकांसाठी बनविलेला व लिडोकेन असलेला देल निदो विद्राव आता प्रौढांतही वापरतात. त्याची मात्रा वारंवार द्यावी लागत नाही. मात्र सर्व रोग्यांना सारखाच उपयुक्त असा एकच विद्राव अद्याप ठरलेला नाही. हृदयाची पूर्वस्थिती व शस्त्रक्रियेचा अपेक्षित कालावधी यांवरून पद्धतीची निवड करतात.