‘सर्व्हर डाऊन’ म्हणजे नेमके काय?

जुलैचा अखेरचा आठवडा उजाडला, की पीक विम्याच्या अर्जांसाठी बीड जिल्ह्यातील सेवा केंद्रांवर रांगा लागतात आणि ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे उत्तर ऐकू येऊ लागते. २०२३च्या खरिपात एक रुपयात पीक विमा देण्याची योजना आली (ती २०२५मध्ये बंद झाली). त्या वर्षी ३१ जुलैची मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली. मुदत हुकली, तर त्या हंगामाचे विमा संरक्षण गेले. म्हणून हा प्रश्न केवळ संगणक तज्ज्ञांचा राहत नाही.

सर्व्हर संपूर्ण बंद पडण्याचे प्रसंग तसे थोडे. बहुतेक वेळा तो चालू असतो, पण उत्तर देण्यास विलंब लावतो. हा विलंब लोकांच्या आधी यंत्रणेच्या लक्षात यावा, यासाठी कार्यक्षमतेवर देखरेख ठेवली जाते. विम्याचे पोर्टल असो, बँकेची कोअर बँकिंग प्रणाली असो किंवा साखर कारखान्याचे ऊसबिलांचे सॉफ्टवेअर, तत्त्व एकच.

प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि नेटवर्क यांवरील भार ही देखरेखीची पहिली पायरी होय. लिनक्सवर ‘सार’ व ‘व्हीएमस्टॅट’, विंडोजवर ‘परफॉर्मन्स मॉनिटर’, तर अनेक सर्व्हरसाठी ‘नागिओस’सारखी साधने वापरली जातात. मात्र भार आणि विलंब सारख्या प्रमाणात वाढत नाहीत. रांगांच्या साध्या गणितानुसार, अर्ध्या सेकंदाच्या कामाला सर्व्हर ५० टक्के व्यग्र असताना सरासरी १ सेकंद लागतो. ८० टक्क्यांना अडीच सेकंद, ९० टक्क्यांना ५ आणि ९५ टक्क्यांना १० सेकंद. म्हणूनच जाणकार व्यवस्थापक ७० टक्क्यांच्या आसपासच इशाऱ्याची घंटा बांधतात.

खरी फसगत सरासरीने होते. शंभरपैकी ९० विनंत्यांना १ सेकंद व दहांना ४० सेकंद लागले, तर सरासरी ४.९ सेकंद येते. अहवालात हा आकडा सुसह्य दिसतो. पण अर्जाचे सात टप्पे असतील आणि प्रत्येक टप्प्यावर दहात एक विनंती रखडत असेल, तर निम्म्याहून अधिक अर्जदार कुठे ना कुठे अडकणारच. वाट पाहून ज्यांची जोडणी तुटली, ते तर अनेकदा या हिशेबात धरलेच जात नाहीत! त्यामुळे सरासरीऐवजी ९५ टक्के विनंत्या किती वेळात पूर्ण झाल्या, हे पाहावे आणि अपुऱ्या राहिलेल्या विनंत्या वेगळ्या मोजाव्यात.

कधी प्रोसेसर निवांत असतो, तरी पडदा हलत नाही. अशा वेळी डेटाबेसमधील एखादी नोंद दुसऱ्या व्यवहाराने अडवून धरलेली असते, किंवा डेटाबेसशी असलेल्या ठरावीक जोडण्या संपलेल्या असतात. सॅपसारख्या प्रणालीत ‘एसटी०३एन’ या आज्ञेने प्रतिसादाच्या वेळेची फोड मिळते : रांगेत किती, डेटाबेसमध्ये किती आणि प्रत्यक्ष प्रक्रियेत किती. ही फोड न पाहता नवा सर्व्हर विकत घेणे म्हणजे आजार न तपासता औषध देणे.

मोजमाप कोठून करावे, हाही महत्त्वाचा मुद्दा. डेटा सेंटरमधील पडद्यावर सारे दिवे हिरवे असताना पाटोदा किंवा धारूरच्या केंद्रात काम ठप्प असू शकते; दोष मधल्या दूरसंचार जाळ्यात असतो, किंवा आधार पडताळणी करणाऱ्या दुसऱ्याच सर्व्हरमध्ये. यावर उपाय आहे. तालुक्याच्या केंद्रातूनच दर पाच मिनिटांनी एक चाचणी अर्ज आपोआप भरून पाहावा आणि प्रत्येक टप्प्याची वेळ नोंदवावी. बीड जिल्ह्यात तालुके अकरा. तेवढ्या अकरा संगणकांवर हे काम होऊ शकते. या नोंदी वर्षभर जपून ठेवल्या, तर पुढील जूनमध्ये अखेरच्या दोन दिवसांइतका भार कृत्रिमरीत्या टाकून प्रणालीची परीक्षा घेता येते आणि दुरुस्तीसाठी महिनाभराचा अवधी हाती उरतो.