जात्यावरची ओवी आणि रॅप गाणारी मुलगी

मंडळी, आजच्या विषयाचे नाव ऐकून आपल्यापैकी पुष्कळांच्या कपाळाला आठी पडेल. रॅप गाणारी मुलगी हा काय इतिहासाचा विषय झाला, असे आपण म्हणाल. काही वर्षांपूर्वी मीही तसेच म्हटले असते. म्हणून आधी माझी स्वतःची एक चूक सांगतो आणि मग विषयाकडे वळतो.

एका महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनासाठी कार्यक्रम निवडायचे काम आम्हा तिघा-चौघा प्राध्यापकांकडे होते. हिंगणघाटकडच्या एका खेड्यातून येणारी मुलगी वही घेऊन आली. कापूस वेचणाऱ्या बायांवर तिने रॅप लिहिले होते. पेटी नाही, तबला नाही. मैत्रिणीने बाकावर बोटांनी ठेका धरला आणि ही बोलल्यासारखी गाऊ लागली. पहाटे उठून भाकरी थापणे, वावर गाठणे, ओटीत कापूस भरणे, सांजेला काट्यावर तो तोलणे आणि किलोमागे हातात पडणारी मजुरी, सारे तिने यमकात नेटके बसवले होते. ऐकून झाल्यावर आमच्यातले एक गृहस्थ म्हणाले, "चांगलं आहे हो, पण हे घालायचं कशात? भावगीत नाही, लोकगीत नाही, पोवाडाही नाही." यादीत रकाना सापडेना, म्हणून मुलीचे नाव गळले. मी इतिहास शिकवणारा माणूस तिथेच बसलो होतो. मला बोलता आले असते. मी बोललो नाही.

त्या दिवशी जे सांगायला हवे होते, ते आज आपल्याला सांगतो.

रॅप म्हणजे काय, हे आधी पाहू. सुरापेक्षा तालाला धरून, यमके जुळवत, भरभर बोललेले गाणे म्हणजे रॅप. चार ठोक्यांचे आवर्तन चालू असते आणि शब्द त्या ठोक्यांवर नेमके पडावे लागतात. आता सांगा, हे आपल्याला अगदीच अनोळखी आहे काय? शाहीर पोवाडा म्हणता म्हणता सूर सोडून नुसत्या डफाच्या ठेक्यावर बोलतो, ते आपण ऐकलेले आहे. तुकडोजी महाराजांच्या खंजिरीवर डोलणाऱ्या आपल्या वऱ्हाड-वर्ध्याकडच्या माणसाला तालावर सांगितलेली गोष्ट नवी नाही.

या प्रकाराचा आजचा अवतार मात्र अमेरिकेतला. न्यूयॉर्क शहरात ब्राँक्स म्हणून एक भाग आहे. तिथे काळे आणि परदेशातून आलेले गरीब लोक दाटीवाटीने राहत. ११ ऑगस्ट १९७३ रोजी सेजविक अॅव्हेन्यूवरच्या १५२० क्रमांकाच्या इमारतीत तरुण मुलांचा एक जलसा झाला. कूल हर्क नावाच्या मुलाने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या आळीपाळीने फिरवून त्यातला ढोलाचा तुकडा लांबवत नेला. ही रॅपची जन्मकथा म्हणून सगळीकडे सांगतात. पण तो जलसा भरवला कोणी? हर्कच्या बहिणीने, सिंडी कॅम्पबेलने. शाळा उघडायच्या आत नवे कपडे घ्यायला तिला पैसे हवे होते. मुलींना पंचवीस सेंट आणि मुलांना पन्नास सेंट असे प्रवेशशुल्क तिने ठेवले होते. म्हणजे या कलेच्या पाळण्याची दोरी पहिल्यापासून एका मुलीच्या हाती होती. नाव मात्र भावाचे गाजले.

पुढेही तेच. 'फंकी फोर प्लस वन' नावाचा एक संच होता. फेब्रुवारी १९८१ मध्ये तो अमेरिकेच्या राष्ट्रीय दूरचित्रवाणीवर झळकला. नावाचा अर्थ पाहा, चार अधिक एक. तो 'अधिक एक' म्हणजे शा-रॉक नावाची मुलगी. पाच जण म्हणावे, तर तसे नाही. चार मुलगे मोजायचे आणि मुलगी वरून जोडायची!

मग १९८४ मध्ये एक गंमत झाली. काही तरुणांनी रॉक्सॅन नावाच्या गर्विष्ठ मुलीची टिंगल करणारे गाणे काढले. क्वीन्सब्रिज या गरीब वसाहतीतल्या चौदा वर्षांच्या एका मुलीने तोच नाद घेऊन त्यांना तोंडच्या तोंडी उत्तर दिले. तिने नाव घेतले रॉक्सॅन शान्टे. हे उत्तर इतके गाजले की त्याला उत्तर, त्या उत्तराला उत्तर, अशा डझनावारी तबकड्या निघाल्या. श्रोतेहो, आपण याला काय म्हणतो? सवाल-जबाब! कलगीवाल्यांनी शक्तीचा पक्ष घ्यायचा, तुरेवाल्यांनी शिवाचा, आणि रात्र उजाडेपर्यंत एकमेकांना कोड्यांत अडकवायचे. हजारो मैलांवरच्या त्या पोरांनी आपला कलगी-तुरा पाहिलेला नव्हता. पण जिथे माणसाजवळ धन नसते आणि जीभ तेज असते, तिथे हा खेळ आपोआप उगवतो.

आता आपल्या घरी परत येऊ. आपल्याकडे बाईने तालावर बोललेला शब्द किती जुना? जात्याइतका. आमच्या घरी तुरी भरडायचे जाते होते. पिठाची गिरणी गावात येऊन कितीतरी वर्षे झाली होती, तरी डाळीसाठी ते जाते फिरे आणि आजी ओवी म्हणे. घरघर हा ठेका, खुंट्याचा एक फेरा हे आवर्तन, आणि त्यावर माहेर, सासर, भाऊ, दुष्काळ, नवऱ्याचा राग, विठोबावरचा रुसवा. जे दिवसा तोंडातून काढायची सोय नव्हती, ते पहाटे जात्यात पडे. मी एकदा लिहून घ्यायला बसलो तर आजी म्हणाली, "काहून लिहितं रे बाप्पा? हे का लिहाच्या कामाचं हाय?" मीही वही मिटली. ही माझी पहिली चूक. संमेलनातली ती दुसरी.

सुदैवाने सगळेच माझ्यासारखे नव्हते. साने गुरुजींनी घराघरांतून ओव्या गोळा करून 'स्त्रीजीवन' सिद्ध केले. पुढे पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉत्व्हँ यांनी कार्यकर्त्या बायकांच्या मदतीने शेकडो गावांत फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. यातला प्रत्येक शब्द बाईचा. पण परंपरेने त्या ओवीखाली कोणा एकीचे नाव नसे, आणि ती उंबऱ्याच्या आतच म्हटली जाई. शब्द स्वतःचे, पण चव्हाटा नाही आणि नाव नाही.

याला थोर अपवाद जनाबाईचा. पंढरपुरात नामदेवांच्या घरी दळण-कांडण करणारी ही दासी. तिने अभंगाच्या शेवटी आपले नाव घातले. नामयाची दासी म्हणून का होईना, पण जनी हे नाव घातले. म्हणून सहा-सातशे वर्षांनंतरही आपल्याला ठाऊक आहे की हे शब्द जनीचे. तिच्या बरोबरीने त्याच पंढरीत दळणाऱ्या किती बाया गायल्या असतील! त्यांचे शब्द पिठाबरोबर संपले.

दुसरी वाट तमाशाची. तिथे चव्हाटा मिळाला, पण तोही उशिरा. पूर्वी तमाशात स्त्रीचे सोंग नाच्या पोऱ्या घेई. आपल्या विदर्भाच्या खडी गंमतीतही लुगडे नेसून पुरुषच नाचत आला. संगमनेरजवळच्या हिवरगावची पवळा ही तमाशाच्या बोर्डावर उभी राहिलेली पहिली स्त्री मानतात. पठ्ठे बापूराव, म्हणजे रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, यांनी लावण्या लिहाव्या आणि पवळाने त्या गाजवाव्या. ब्राह्मण कवी आणि महार समाजातली गायिका, अशी ही जोडी त्या काळात केवढी धाडसाची! तरी लेखणी त्याची आणि गळा तिचा, ही वाटणी कायम राहिली.

विठाबाई नारायणगावकर तर आपल्यातल्या वडीलधाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिलेल्या असतील. जन्म १९३५ चा, पंढरपूरचा. भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांच्या फडात त्या वाढल्या. १९५७ मध्ये त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते पदक मिळाले, १९९० मध्ये पुन्हा मिळाले. चीनच्या युद्धाच्या दिवसांत त्यांनी सीमेवरच्या जवानांसमोर कार्यक्रम केले. दिवस भरलेले असताना त्या नाचत होत्या, कळा आल्या तेव्हा पडद्यामागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर आल्या, ही हकिकत महाराष्ट्रभर सांगतात. १५ जानेवारी २००२ रोजी त्या वारल्या. अखेरचे दिवस आर्थिक ओढग्रस्तीत गेले. आता शासन त्यांच्या नावाने तमाशा कलावंतांना पुरस्कार देते. म्हणजे चव्हाटा मिळाला, नावही मिळाले. पण त्या बोर्डावर बाईच्या तोंडचे शब्द बहुधा पुरुषाने बांधलेले असत. स्वतःची ती बाळंतपणाची रात्र विठाबाईंनी स्वतःच्या शब्दांत, तालावर सांगितली असती, तर कशी सांगितली असती? असा प्रश्न मला नेहमी पडतो.

आता रॅप गाणाऱ्या मुलीचे नवेपण कुठे आहे, ते आपल्या ध्यानात येईल. ताल नवा नाही. यमक नवे नाही. टोचून बोलणेही नवे नाही. नवी आहे ती तिन्ही गोष्टींची गाठ. शब्द तिचे, चव्हाटा तिचा आणि खाली नावही तिचेच.

मराठी मुलुखातले याचे चांगले उदाहरण म्हणजे माही जी. मूळ नाव मधुरा घाणे. सह्याद्रीच्या डोंगरातल्या महादेव कोळी या आदिवासी समाजातली ही मुलगी. याच समाजातल्या राघोजी भांगरे यांनी सावकार आणि इंग्रज सरकार यांच्याविरुद्ध बंड पुकारले, आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात ते फासावर गेले. त्या मुलुखाची ही लेक आज हातात ध्वनिक्षेपक घेऊन जंगल, पाणी आणि आदिवासींचे जगणे यांवर बोलते. 'जंगलचा राजा' हे तिचे गाणे पुष्कळांनी ऐकले आहे. रॅप म्हटले की मोटारी, सोन्याच्या साखळ्या आणि बढाई, असे जे आपल्या मनात बसले आहे, त्याला हिच्या गाण्यात जागा नाही. इतके दिवस आदिवासींवर शहरातल्या माणसांनी पुस्तके लिहिली. इथे आदिवासी मुलगी स्वतः सांगते आणि आपण ऐकायचे असते.

अशा गाण्याने होते काय, असे कोणी विचारील. तर तामिळनाडूतले कोडाईकनालचे उदाहरण घ्या. तिथे थर्मामीटरचा कारखाना होता. पाऱ्याच्या प्रदूषणाचा बोभाटा झाल्यावर तो २००१ मध्ये बंद पडला. कामगार भरपाईसाठी वर्षानुवर्षे झगडत होते. २०१५ मध्ये सोफिया अश्रफ या तरुणीने त्यावर रॅप केले आणि ते जगभर लाखो लोकांनी पाहिले. मार्च २०१६ मध्ये कंपनीने ५९१ माजी कामगारांशी तडजोड केली. ती एका गाण्याने झाली असे म्हणणे खोटे होईल. पंधरा वर्षे लढले ते कामगारच. पण त्यांची हाक जिथवर पोचत नव्हती तिथवर त्या मुलीच्या शब्दांनी ती पोचवली, एवढे खरे.

रॅपमध्ये शिवीगाळ असते, उथळपणा असतो, हा आक्षेप मला मान्य आहे. असतो. पण लावणीलाही आपल्या आजोबांनी हेच म्हटले होते, आणि आज तीच लावणी आपण पाठ्यपुस्तकात शिकवतो. गाळ आहे म्हणून विहीर बुजवायची नसते, उपसायची असते.

शेवटी शिक्षक बंधू-भगिनींना माझी एक विनंती आहे. आपल्या वर्धा जिल्ह्यात, आर्वीकडे, सेलूकडे, देवळीकडे, कोणत्याही शाळेत मागच्या बाकावर एखादी मुलगी वहीच्या मागच्या पानावर काही जुळवत बसलेली असेल. तिला रागावू नका. वर्गासमोर उभी करून म्हणायला लावा. यादीत रकाना नसेल तर नवा आखा. ते शब्द शाळेच्या वहीत उतरवून घ्या आणि खाली तिचे पुरते नाव लिहा.

आजीची एकही ओवी मला आज धड आठवत नाही. आणि कापूस वेचणाऱ्या बायांवर लिहिणारी ती मुलगी शिक्षण संपवून निघून गेली. तिची वही मी मागून घेतली नव्हती.