ऋषिपंचमी

भाद्रपद शुद्ध पंचमीला, म्हणजे गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, करावयाचे व्रत. कश्यप, अत्री, भरद्वाज, विश्वामित्र, गौतम, जमदग्नी व वसिष्ठ हे सप्तर्षी आणि अरुंधती यांची या दिवशी पूजा करतात. पाळीच्या काळात कळत-नकळत घडलेल्या विटाळाचे प्रायश्चित्त, हा व्रताचा शास्त्रोक्त हेतू. महाराष्ट्रात त्याचा संबंध प्रामुख्याने पाळी जाण्याच्या वयाशी जोडला जातो.

उगम : पाळीचा पापाशी जोडलेला संबंध जुना आहे. इंद्राला लागलेल्या ब्रह्महत्येचा वाटा पृथ्वी, वृक्ष व स्त्रिया यांनी घेतला, अशी कथा तैत्तिरीय संहितेत आहे. व्रत मात्र मुळात केवळ बायकांचे नव्हते. ते पुरुषांसाठीही सांगितलेले होते आणि पुढे बहुतांशी स्त्रियांकडेच राहिले, असे पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात नोंदवले आहे.

कहाणी : विटाळ न पाळल्याने एक बाई पुढच्या जन्मी कुत्री होते आणि तिच्या संसर्गदोषाने नवरा बैल होतो. दोघेही मुलाच्याच घरी असतात. श्राद्धाच्या खिरीत सापाने गरळ टाकल्याचे कुत्री पाहते आणि ब्राह्मण मरू नयेत म्हणून खिरीला तोंड लावते. सून तिला मारते. रात्री ती बैलाला आपले दुःख सांगते. ते ऐकून मुलगा ऋषींकडे जातो, व्रत करतो आणि आईबापांना सोडवतो.

विधी : सकाळी आघाड्याच्या काडीने दात घासून नदीवर किंवा घरी स्नान करतात. दुपारी ऋषींच्या नावाने सुपाऱ्या मांडून पूजा होते व कहाणी वाचतात. बैलाच्या कष्टाचे काही खायचे नाही, हा या दिवसाचा ठळक नेम. ऋषी न नांगरलेल्या जमिनीतले अन्न खात, असे त्याचे कारण सांगतात. कहाणीतील बापाचा बैल झाला होता, हेही सांगितले जाते. नांगराशिवाय उगवलेला देवभात आणि परसातल्या भाज्यांची ‘ऋषीची भाजी’ हा त्या दिवसाचा आहार. अळू, लाल माठ, भोपळा, पडवळ, सुरण, मक्याचे कणीस, हाताला येईल ते एकत्र शिजवून वरून ओले खोबरे घालतात. फोडणी बहुतेक घरांत नसते.

काळ व उद्यापन : काही घरांत पाळी गेल्यावर व्रत धरून सात वर्षांनी उद्यापन करतात, काही ठिकाणी ते आधीपासून चालू असते आणि पाळी गेल्यावर त्याची सांगता होते. उद्यापनात सात कलश मांडून पूजा, ब्राह्मणभोजन आणि दान असते.

अन्यत्र : गुजरातेत या दिवसाला ‘सामा पाचम’ म्हणतात व वरीचे तांदूळ खातात. नेपाळात तीजच्या उपवासानंतर बायका नदीवर जमतात आणि आघाड्याच्या ३६५ काड्यांनी दात घासण्याची रीत पाळतात.

विशेष : हरितालिका व वटसावित्री ही व्रते पतीसाठी असतात. ऋषिपंचमी बाईच्या स्वतःच्या देहाशी व वयाशी निगडित आहे, म्हणून ती विधवांनाही चालते. हळदीकुंकवाच्या समारंभांतून वगळलेल्या बाईला इथे पूजेला बसता येई. वय पालटल्याची घरात उघड दखल घेतली जाण्याचे हे एक दुर्मीळ निमित्त होते.

मात्र ही दखल सन्मानाची नाही. निसर्गधर्माला दोष ठरवून बाईकडूनच प्रायश्चित्त घेणाऱ्या कल्पनेवर व्रत उभे आहे, हा आक्षेप रास्त आहे आणि कहाणीच त्याला पुरावा पुरवते. आज अनेक घरांत पूजा व उद्यापन मागे पडले आहे. ऋषीची भाजी मात्र गणपतीच्या दिवसांतला आवडीचा पदार्थ म्हणून घरातले सगळेच खातात.